नोएम्स : पाच ओळींच्या एका फाइलची समीक्षा

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने नवा फोन घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : ‘८ जीबी + ८ जीबी’. ती म्हणाली, “मामा, सोळाच लिहायचं ना मग. अधिक कशाला?” प्रश्न रास्त होता. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. पहिले आठ खरे, दुसरे आठ ‘एक्स्टेंडेड रॅम’. म्हणजे फोनच्या स्टोरेजचाच एक तुकडा, गरज पडली की रॅमचं काम करणारा, पण रॅमपेक्षा बराच हळू. खाली एक बटण होतं. भाचीने ते दोनदा चालू-बंद केलं, काही फरक दिसला नाही, म्हणून सोडून दिलं.

मी मात्र त्या शब्दाशी अडकून बसलो. ‘एक्स्टेंडेड’. तीस वर्षांपूर्वी या शब्दाला एक जुळा भाऊ होता, ‘एक्स्पांडेड’. दोघांत फरक काय, हे ज्याला सांगता येई त्याला आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मान होता. सर फळ्यावर लिहायचे : एक फुगवलेली मेमरी, एक लांबवलेली मेमरी. आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. कळायचं कुणालाच नाही.

आज मला एका फाइलची समीक्षा करायची आहे. कॉन्फिग डॉट सिस हे तिचं नाव. डॉसवर चालणारा कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी जे वाचायचा त्यातली ही एक. साधा मजकूर, कुणीही उघडून बदलावा असा. माझ्यासमोर आहे ती माझ्या इचलकरंजीच्या मामांच्या ३८६वरची, १९९३ सालची. मूळ रोमनमध्ये, इथे आम्ही जसं उच्चारायचो तसं लिहितो.

डिव्हाइस = हायमेम डॉट सिस
डिव्हाइस = ईएमएम३८६ डॉट ईएक्सई २०४८ रॅम
डॉस = हाय, यूएमबी
फाइल्स = ३०
डिव्हाइसहाय = माउस डॉट सिस

चौथ्या ओळीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण दुसरी ओळ! या एका ओळीत बारा वर्षांचा इतिहास कोंबलेला आहे, आणि तो वाचता न आल्यामुळे माझ्या मामांच्या तीन रात्री वाया गेल्या. तेव्हा जरा मागे जाऊ.

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. आत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर. त्याच्याकडे मेमरीतला पत्ता सांगायला वीस तारा होत्या, त्यामुळे तो १०,४८,५७६ पत्त्यांपलीकडे बोट दाखवूच शकत नव्हता. १०२४ केबी, म्हणजे एक एमबी. त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रामांसाठी आणि वरचे ३८४ केबी पडद्यासाठी, रॉमसाठी, पुढेमागे लागतील त्या कार्डांसाठी राखीव, अशी वाटणी ठरली. आज ती वाटणी हास्यास्पद वाटते, पण त्या पीसीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल १६ केबी मेमरी घेऊन विकलं जात होतं. १६ केबीवाल्याला ६४० म्हणजे मोकळं माळरानच. ‘६४० केबी कुणालाही पुरेल’ हे वाक्य बिल गेट्सच्या नावावर खपवलं जातं. आपण असं कधी बोललो नाही, हे त्याने अनेकदा सांगितलं आहे. मला ते वाक्य कुणाचं याच्याशी देणंघेणं नाही. मूर्खपणा कुणाच्या तोंडी घातला की निर्णय समजून घ्यायची कटकट वाचते, म्हणून ते टिकलं.

माळरान दोनच वर्षांत भरू लागलं. १९८३च्या जानेवारीत लोटस १-२-३ ही स्प्रेडशीट आली. ती अख्खा तक्ता मेमरीत ठेवायची. म्हणून झपाट्याने हिशेब करायची, आणि म्हणूनच मोठा तक्ता ६४०च्या छताला डोकं आपटायचा. ग्राहक ओरडू लागले. १९८५मध्ये लोटस आणि इंटेल यांनी मिळून एक तोडगा काढला, मग मायक्रोसॉफ्टही त्यात आलं. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘लिम’ म्हणतात. एक्स्पांडेड मेमरी ती हीच.

तोडगा असा. स्वयंपाकघर लहान आहे आणि ओट्यावर चारच डबे मावतात. बाकीचे डबे वर माळ्यावर. स्वयंपाक करणाऱ्या बाईला माळा दिसत नाही, तिचा हात फक्त ओट्यापर्यंत पोचतो. ती हाक मारते, “सदतीस नंबरचा डबा तिसऱ्या जागेवर आण.” वरचा पोऱ्या तिसऱ्या जागेवरचा डबा उचलतो आणि सदतीस नंबरचा ठेवतो. ओटा म्हणजे ३८४ केबीच्या राखीव भागात काढलेली ६४ केबीची खिडकी. चार डबे म्हणजे १६-१६ केबीची चार पानं. माळा म्हणजे वेगळं विकत घेऊन मशीनमध्ये खुपसलेलं मेमरीचं कार्ड. पोऱ्या म्हणजे ड्रायव्हर.

युक्ती म्हणून मला ही फार आवडते. वीस तारांचा प्रोसेसर न बदलता, डॉस न बदलता, त्याला ८ एमबीपर्यंतचा माळा दिला. १९८७च्या चौथ्या आवृत्तीत ३२ एमबीपर्यंतचा. पण दोन गोष्टी खटकतात. एक, ही युक्ती प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्याला कायमचा ताप होती. तिसऱ्या जागेवर साखर आहे असं समजून हात घालावा आणि मध्येच कुणीतरी तिथे मीठ ठेवलेलं असावं. दोन, १९८५मध्ये हे जाहीर झालं त्याच्या आदल्याच वर्षी आयबीएमने पीसी-एटी काढला होता. त्यातला ८०२८६ प्रोसेसर १६ एमबीपर्यंत सरळ बोट दाखवू शकत होता, माळ्याबिळ्याशिवाय. लांबवलेली मेमरी म्हणजे एक्स्टेंडेड, ती ही. फक्त डॉसला तिथे राहता येत नव्हतं. मोठं घर बांधून तयार होतं आणि कुटुंब जुन्या खोलीतून हलायला तयार नव्हतं. का हलेल? सगळं सामान त्या खोलीच्या मापाचं होतं.

आता आपली दुसरी ओळ. ईएमएम म्हणजे एक्स्पांडेड मेमरी मॅनेजर; ३८६ म्हणजे तो ज्या प्रोसेसरवर चालतो तो. ३८६ला एक अजब कला अवगत होती : मेमरीचे चार-चार केबीचे तुकडे करून कुठलाही तुकडा कुठल्याही पत्त्यावर आहे असं भासवायचं. त्यामुळे खऱ्या कार्डाची गरजच संपली. मशीनमधल्या लांबवलेल्या मेमरीतूनच हा ड्रायव्हर फुगवलेली मेमरी तयार करायचा. प्रोग्राम ठरलेल्या जागी ‘ईएमएमएक्सएक्सएक्सएक्स०’ हे नाव आहे का, ते तपासायचा. नाव सापडलं की कार्ड आहे असं धरून चालायचा. कार्ड नसायचं. १९८५च्या कार्डाचं सोंग १९९३मध्ये इचलकरंजीत हुबेहूब वठवलं जात होतं. पहिल्या ओळीतला हायमेम आधी का, याचंही उत्तर इथेच आहे. लांबवलेल्या मेमरीचा कारभार तो बघतो. त्याने दिल्याशिवाय याला सोंगासाठी सामान मिळत नाही. ओळींची अदलाबदल केली की नाटक सुरूच होत नाही.

(हायमेमकडे आणखी एक काम होतं. २१वी तार चालू-बंद करायचं. ही तार आयबीएमने पीसी-एटीमध्ये कुठून नेली होती? कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपमधून, कारण तिथे एक पिन रिकामी होती. मला हे वाचून जुन्या वाड्यातलं वायरिंग आठवलं. मोरीतलं बटण दाबलं की दिवा माजघरात लागतो.)

आणि आता या समीक्षेचा मुख्य शब्द. त्या ओळीच्या शेवटी ‘रॅम’ आहे. तिथे दुसरा एक शब्दही लिहिता यायचा : नो-ईएमएस. आम्ही सलग ‘नोएम्स’ म्हणायचो. त्याचा अर्थ, एक्स्पांडेड मेमरी देऊ नकोस.

जरा थांबून हे परत वाचा. एक्स्पांडेड मेमरी देण्यासाठी लिहिलेला ड्रायव्हर आणायचा, आणि त्याला हुकूम सोडायचा की तेवढं सोडून बाकी सगळं कर. मी वाचलेल्या तांत्रिक मजकुरातला हा सर्वांत उपरोधिक शब्द, आणि त्यात उपरोधाचा हेतू औषधालाही नाही. कारण साधं होतं. सोंगाची तीच कला वापरून ३८६ त्या राखीव ३८४ केबीतल्या रिकाम्या फटींतही मेमरी भरू शकत होता. मग माउसचा ड्रायव्हर वगैरे किरकोळ मंडळी त्या फटींत ढकलायची (पाचव्या ओळीतला ‘डिव्हाइसहाय’ तो हाच) आणि खालचे ६४० मोकळे करायचे. पण ओट्याची ६४ केबीची खिडकीही त्याच फटींतून काढावी लागायची. नोएम्स लिहिलं की खिडकी बंद आणि ६४ केबी फुकट. डॉसवरचे पुष्कळ खेळ त्या जागेसाठी हपापलेले होते.

आमच्या क्लासमध्ये कॉन्फिग डॉट सिसच्या नकला हातोहात फिरायच्या. वहीच्या पानावर, पेनाने. ज्याच्या मशीनवर खेळ चालला त्याच्या ओळी बाकीचे उतरवून घ्यायचे, आणि पोथ्यांसारखेच पाठभेद व्हायचे. एका पानावर ईएमएम३८६पुढे ‘एक्स = डी००० ते डी३एफएफ’ असं होतं. एवढा पत्ता वगळ, तिथे दुसरं कार्ड बसलं आहे, असा त्याचा अर्थ. ते कार्ड कुठल्यातरी ऑफिसातल्या नेटवर्कचं असणार. आमच्यातल्या एकाकडेही नेटवर्क नव्हतं. तरी सगळ्यांच्या फाइलींत तो १६ केबीचा खड्डा श्रद्धेने राखलेला होता.

असं एक पान खिशात घालून मी १९९३च्या उन्हाळ्यात मामांकडे गेलो. मामा सूत आणि मागवाल्यांचे हिशेब लिहायचे. ३८६, ४ एमबी. मार्च संपलेला, वर्षाचे तक्ते पुरे करायचे होते. दिवसा ते बाहेर गेले की मशीन माझं. माझ्या खेळाला ५८० केबी हवे होते, मिळत होते ५६१. पानावर नोएम्स होतं. मी ‘२०४८ रॅम’ खोडून ते लिहिलं. खेळ चालला. आनंदाने मी फ्लॉपी लपवून ठेवली आणि ओळ होती तशी करायला विसरलो.

मामांची स्प्रेडशीट तक्ता माळ्यावर ठेवणारी होती. त्या रात्री तिला माळा सापडला नाही. तिने अर्धा तक्ता उघडला, एकदा किंचाळली आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘मेमरी फुल’.

मामांनी काय केलं? त्यांना वाटलं, आपणच जास्त नोंदी केल्या. परवापर्यंत चालत होतं, म्हणजे काल-आज जे भरलं त्यात काहीतरी चुकलं. मग ते नोंदी काढायला बसले. जुन्या प्रतीवरून तक्त्याचे दोन भाग केले, एकाची बेरीज कागदावर लिहून दुसऱ्यात घातली. बेरजा जुळेनात. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री त्यांनी चोपडी काढली आणि हाताने मांडायला सुरुवात केली. मामी म्हणाल्या, “झोपा की आता.” ते म्हणाले, “माझंच काहीतरी चुकलंय गं.”

हे वाक्य मी अंथरुणात पडून ऐकलं. कारण मला त्या दिवशी दुपारी कळलं होतं. मॅन्युअलमध्ये नोएम्सचा अर्थ वाचला होता. ते झोपल्यावर उठलो, ओळ पूर्ववत केली. सकाळी तक्ता सगळाच्या सगळा उघडला. मामा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तापलं असंल रं.” त्या दिवसापासून कॉम्प्युटरशेजारी टेबलफॅन आला.

माझा अपराध मी मान्य करतो. पण समीक्षक म्हणून मला त्या दोन शब्दांकडेही बोट दाखवायचं आहे. ‘मेमरी फुल’. या वाक्याला कर्ता नाही. कुणी भरली? कुठली मेमरी? त्या क्षणी मशीनमध्ये तीन एमबीच्या आसपास मेमरी रिकामी पडलेली होती. फक्त ती वेगळ्या नावाची होती. १९८१मध्ये आखलेली एक रेघ, १९८५मध्ये त्या रेघेवर चढवलेला माळा, आणि माळ्याचं सोंग करणारा ड्रायव्हर. या सगळ्याचं ओझं शेवटी अशा माणसाच्या माथी आलं ज्याने यातलं काहीच ठरवलं नव्हतं. आणि ओझं येताना ते ओझ्यासारखं आलं नाही. त्याची स्वतःची चूक होऊन आलं. या सगळ्या रचनेवर माझा आक्षेप आहे तो हा. जुन्या प्रोग्रामांशी इमान राखणं चांगलंच, पण ते इमान दुसऱ्याच्या झोपेवर राखलेलं होतं.

प्रोग्राम लिहिणारेही सुटलेले नव्हते. १९९०च्या ‘विंग कमांडर’ या खेळाचा एक किस्सा त्याच्या एका प्रोग्रामरने पुढे सांगितला. खेळातून बाहेर पडताना ईएमएम३८६ चुकीचा संदेश दाखवायचा. कारण शोधायला वेळ नव्हता, माल पाठवायचा होता. त्याने मेमरी मॅनेजरमधला त्या संदेशाचा मजकूरच बदलून तिथे ‘विंग कमांडर खेळल्याबद्दल आभारी आहोत’ अशा अर्थाचं वाक्य बसवलं. चूक तिथेच राहिली. लोकांना वाटलं, काय सभ्य मंडळी आहेत. १९९२च्या ‘अल्टिमा ७’ने तर स्वतःचाच मेमरी मॅनेजर आणला. त्याचं आणि ईएमएम३८६चं पटत नसल्यामुळे लोक त्या एका खेळासाठी वेगळी बूट फ्लॉपी बनवून ठेवायचे.

आता माझ्या पिढीबद्दल. आम्ही पंचेचाळिशीच्या आसपासचे लोक हल्ली फार बोलतो : आम्हाला मशीन आतून माहीत होतं, आम्ही एकेक केबी वाचवला, आजच्या पोरांना बटणं दाबण्यापलीकडे काय येतं. मी स्वतः हे भाचीसमोर बोललो आहे. पण खरं सांगायचं तर आम्हाला जे येत होतं त्यातलं बरंचसं ज्ञान नव्हतं, वेठबिगारी होती. डी००० ते डी३एफएफ वगळणाऱ्या पोरांना मशीन आतून माहीत होतं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

एक गोष्ट मात्र मी त्या काळाच्या खात्यात जमा करीन. मेम ही आज्ञा. ‘मेम’ लिहून पुढे तिरपी रेघ आणि सी. पडद्यावर यादी यायची : कोण कोण मेमरीत बसलं आहे, कुणी किती केबी घेतले, खालचे किती, वरचे किती. शेवटी एक आकडा, सर्वांत मोठा किती केबीचा प्रोग्राम आता चालू शकेल त्याचा. हिशेबाच्या वहीसारखी स्वच्छ. ‘मेमरी फुल’ला नसलेला कर्ता इथे नावानिशी हजर असायचा. मामांना ही यादी मी तेव्हा दाखवली असती तर त्यांना ती माझ्यापेक्षा लवकर कळली असती. जमाखर्च वाचण्यात त्यांची हयात गेली होती. भाचीच्या फोनमध्येही अशी यादी काढता येते, पण डेव्हलपरसाठीच्या दडवलेल्या पर्यायांत. एरवी मेमरी कमी पडली की फोन मागचं एखादं ॲप गुपचूप मारून टाकतो. अर्धवट लिहिलेला मेसेज गेला तर भाची म्हणते, “माझाच हात लागला असेल.”

१९९३च्या मार्चमध्ये डॉसची सहावी आवृत्ती आली. मामांकडे ती पुढच्या उन्हाळ्यात पोचली, आणि मीही. तिच्यात मेममेकर नावाचा प्रोग्राम होता. या सगळ्या ओळी तो स्वतः लिहायचा, मशीन दोनेकदा बंद-चालू करून कुणाला कुठे बसवायचं याची गणितं मांडायचा. काम चोख. पण सुरुवातीला तो एक प्रश्न विचारायचा : तुमच्या प्रोग्रामांपैकी कुणाला एक्स्पांडेड मेमरी लागते का? आणि खाली सल्ला असा की, खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा. पुढे लागते असं कळलं तर मला पुन्हा चालवा. पुढे कसं कळणार? तक्ता अर्धाच उघडेल तेव्हा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने द्यायचं उत्तर सूत-हिशेबवाल्याकडे मागितलं होतं, आणि त्याच्या वतीने चुकीचं उत्तर आधीच सुचवून ठेवलं होतं.

मामांनी प्रश्न वाचला, चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं. “तूच सांग, काय लिहू?”

मी म्हणालो, “हो.”

ते झोपल्यावर मी कॉन्फिग डॉट सिस उघडली. सहाव्या आवृत्तीत एक नवी सोय होती : एकाच फाइलमध्ये दोन मांडण्या ठेवून सुरुवातीला मेन्यू दाखवता यायचा. मी दोन पर्याय लिहिले. पहिला ‘मामा’, त्यात रॅम. दुसरा ‘खेळ’, त्यात नोएम्स. आणि एक ओळ अशी, की दहा सेकंदांत कुणी काही दाबलं नाही तर पहिलाच धरायचा.

सकाळी मामांनी पंखा लावला, मशीन चालू केलं, आणि पडद्यावर स्वतःचं नाव बघून मला हाक मारली. “हे काय विचारतंय रं?”

“काही नाही मामा. काही दाबू नका. दहा मोजा.”

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मोजायला लागले.